सगळ्यात लांब कशाला?

जंजिऱ्याच्या गाईडला कलाल बांगडी तोफेचा पल्ला विचारू नये. विचारलाच, तर मिळालेला आकडा पदरात घेऊन गप्प बसावं, कारण होडी राजपुरीच्या धक्क्याला परत लागेपर्यंत तो वाढत जातो. आम्हाला १२ किलोमीटर मिळाले. सोबत भाचा होता. अकरावी सायन्सला, आणि प्रोजेक्टाइल मोशनचं प्रकरण नुकतंच झालेलं. त्यानं तोफेला टेकूनच मोबाईल काढला. पल्ला म्हणजे वेगाचा वर्ग भागिले ९.८. उलटं गणित करून म्हणाला, "मामा, सेकंदाला ३४३ मीटर. आवाजाचा वेग झाला हा. तोफेला एवढं जमेल की!"

तोफेला तेवढं जमतंच. जुन्या मोठ्या तोफांच्या तोंडातून गोळा आवाजापेक्षा जास्त वेगानं सुटायचा. तरी तो १२ किलोमीटर जात नसे, त्याचं कारण पुढे येईल. मला खटकलं ते वेगळंच.

"कोन किती धरलास?"

"पंचेचाळीस. मॅक्झिमम रेंज."

विचार न करता. जणू तोफ बुरुजावर लांब उडीच्या स्पर्धेला बसवली होती! ती बसवली होती समोरून येणारं गलबत फोडायला. गलबत जिथे असेल तिथे गोळा पडला पाहिजे, त्याच्या पुढे एक कोस जाऊन पडलेला गोळा समुद्राला दिलेला नैवेद्य. माझी तक्रार भाच्याबद्दल नाही, त्या प्रकरणाबद्दल आहे. गुरुत्वाकर्षणाखाली फेकलेल्या वस्तूचं सगळं शास्त्र शिकून मुलांच्या हाती उरतं काय, तर पंचेचाळीस अंश. आणि आमच्या किनाऱ्यावर दिवसभर कोणी ना कोणी काही ना काही फेकत असतं. दगड, पाग, जेटीवरून दोरखंड, टेनिसचा बॉल, नारळी पौर्णिमेला नारळ. यांपैकी 'सगळ्यात लांब कसं जाईल' हा प्रश्न कोणालाच पडलेला नसतो.

शिवाय पंचेचाळीस अंश कळायला शास्त्र लागलंच नव्हतं. १५३७ साली इटलीत निकोलो तार्ताल्या नावाच्या गणितज्ञानं तोफांवर पुस्तक काढलं, त्यात हा कोन आहे. गोळ्याचा मार्ग मात्र त्यानं चुकीचा काढला: आधी सरळ रेघ, मग वर्तुळाचा तुकडा, मग नाकासमोर खाली. मार्ग चूक, उत्तर बरोबर. पुढच्या शतकात गॅलिलिओच्या ग्रंथातलं एक पात्र म्हणतं की पंचेचाळीसची गोष्ट मी गोलंदाजांकडून ऐकून होतो, पण ती तशी का आहे हे कळण्याचं मोल त्याहून कितीतरी जास्त. हा ग्रंथ १६३८ साली हॉलंडमधल्या लायडनला छापला गेला, कारण इटलीत त्याचं लिखाण छापायला बंदी होती. तो फ्लॉरेन्सजवळ नजरकैदेत होता आणि दृष्टी गेलेली होती. त्यातले प्रयोग तीसेक वर्षांपूर्वीचे, तो पाडुआला शिकवत होता तेव्हाचे. उतरत्या फळीवरून गोळी सोडायची, टेबलाच्या कडेवरून ती आडवी सुटली की जमिनीवर कुठे पडते ते मोजायचं. एवढंच. यातून त्याला जे दिसलं, ते माझ्या मते या प्रकरणातलं एकमेव आश्चर्य आहे. बाकी सगळी बीजगणिताची हमाली.

फेकलेली वस्तू एका वेळी दोन कामं करते आणि ही दोन कामं एकमेकांना विचारत नाहीत. आडवी ती ज्या वेगानं निघाली त्याच वेगानं सरकत राहते. आणि त्याच वेळी पडत असते, हातातून नुसती सोडल्यावर पडली असती अगदी तशी. पहिल्या सेकंदात ४.९ मीटर, दोन सेकंदांत १९.६, तीन सेकंदांत ४४.१. आडवा वेग कितीही असो, पडण्याच्या हिशेबात फरक नाही. वरच्या दिशेला फेकलेला दगडसुद्धा सुटल्या क्षणापासून पडतच असतो. म्हणजे, हाताच्या रोखानं जी सरळ रेघ गेली असती, त्या रेघेपासून तो पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली आलेला असतो. सरळ चाल आणि वाढतं पडणं यांची बेरीज म्हणजे अन्वस्त, ज्याला मुलं पॅराबोला म्हणतात. वक्र दिसतो तो आपल्याला. दगडाच्या बाजूनं पाहिलं तर त्यात वक्र असं काही नाही, दोन साध्या गोष्टी एकदम चालू आहेत.

दोन हजार वर्षं माणसं दगड मारत होती, भाले फेकत होती, आणि हे कोणाला दिसलं नाही. याचं मला नवल वाटत नाही. डोळा आख्खी फेक पाहतो, तिचे दोन भाग करून पाहत नाही. पटत नसेल त्यानं दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत, खाडी शांत असताना, नाणं सरळ वर उडवावं. नाणं हवेत असताना बोट पुढे गेलेली असते, तरी ते परत हातातच येतं, कारण बोटीची आडवी चाल त्यानंही घेतलेली असते. काठावरून बघणाऱ्याला तेच नाणं कमानीतून गेलेलं दिसेल. १६४० साली गासेंदी नावाच्या फ्रेंच विद्वानानं मार्सेच्या समुद्रात चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून गोळा सोडून दाखवला होता. तो डोलकाठीच्या बुंध्याशीच पडला. तोपर्यंत चांगली शिकलेली माणसं तो मागे पडणार म्हणून वाद घालत होती.

आता कैरीकडे येऊ.

आमच्याकडे, देवगडच्या बाजूला, हापूसच्या कलमाला दगड मारणारं मूल दुसऱ्यांदा मारायला धजत नाही. कलमाचा आंबा घळीनं, म्हणजे टोकाला जाळं लावलेल्या काठीनं काढायचा, देठासकट, जाळ्यात अलगद घ्यायचा. पाच मीटरवरून सुटलेला आंबा जमिनीला टेकतो तेव्हा त्याचा वेग ताशी ३५ किलोमीटर झालेला असतो, आणि तो मार दोन दिवसांनी पेटीत काळा डाग होऊन वर येतो. रायवळाचं तसं नाही. रायवळ उंच, वेडंवाकडं वाढलेलं, मालकी असून नसल्यासारखी. दगड मारायचे ते रायवळाला. आजोबांचा सल्ला ठरलेला असायचा: "आंब्याक बघून मारू नको, वरच्या खांदयेक बघून मार."

हा सल्ला मी भाच्याला गणितात मांडायला लावला. कैरी हातापासून साडेसहा मीटर वर आणि सहा मीटर आडवी. कमीत कमी जोर लावून तिथवर दगड कसा पोचवायचा? इथे एक देखणा नियम आहे, आणि तो वर्गात का सांगत नाहीत मला कळत नाही. आपल्या डोक्यावरचा ओळंबा आणि कैरीकडची नजरेची रेघ, या दोघांच्या मधला कोन बरोबर अर्धा करा. त्या रोखानं दगड सोडलात की सगळ्यात कमी वेगात काम होतं. या कैरीसाठी तो कोन येतो ६९ अंश, वेग सेकंदाला सव्वाबारा मीटर. आणि लक्ष्य कैरीऐवजी समोर जमिनीवर असेल तर? नजरेची रेघ आडवी, ओळंब्याशी नव्वद, त्याचं निम्मं पंचेचाळीस. तर तो प्रसिद्ध कोन इतकाच: त्याच नियमाचा, सपाट जमिनीपुरता, एक सोपा खास प्रकार. कोकणात सपाट जमीन शोधायला जावं लागतं.

गंमत अशी की ६९ अंशांनीही कोणी दगड मारत नाही. कारण त्या कमीत कमी वेगानं गेलेला दगड कैरीपाशी पोचतो तेव्हा दमलेला असतो. सेकंदाला पाच मीटरही वेग उरत नाही. कैरीची विचारपूस करून खाली येईल. देठ तुटायला धक्का हवा. म्हणून पोरं ताकद लावून मारतात. समजा सेकंदाला वीस मीटर. मग दगड पोचताना साडेसोळा मीटरचा वेग शिल्लक असतो, आणि त्याच्यातली ऊर्जा मघाच्या दमलेल्या दगडाच्या जवळजवळ बारापट. या फेकीचा कोन भाच्यानं काढला, ५२ अंश आला. कैरीकडची नजरेची रेघ ४७ अंशांवर. जेमतेम पाच अंशांचा फरक. दगड हवेत असतो अर्धा सेकंद, आणि अर्ध्या सेकंदात काहीही पडतं ते सव्वा मीटरच्या आसपास. तेवढंच वर धरून मारायचं. वरच्या खांदयेक. आजोबा चौथी शिकलेले होते, पण त्यांच्या वाक्यात वस्तूची दोन कामं वेगळी केलेली आहेत: नेम सरळ रेघेचा, आणि पडण्याची सोय वेगळी.

भाच्याच्या पुस्तकात याच मुद्द्यावर एक जुनं उदाहरण आहे. झाडावर माकड, खाली थेट त्याच्यावर नेम धरलेला बंदूकवाला. गोळी सुटल्या क्षणी माकड फांदी सोडतं, तरी गोळी त्याला लागतेच, कारण दोघंही आपापल्या रेघेपासून सारखंच पडतात. भौतिकशास्त्र निर्दोष आहे. माकडाचा अभ्यास कमी पडलाय. आमच्या बागांतली वानरं बंदूक खांद्याला लागायच्या आधी पलीकडच्या माडावर असतात, तीही हातातलं शहाळं न सोडता.

कड्यावर गेलं की पंचेचाळीस आणखी हास्यास्पद होतो. सड्याचं टोक समुद्रापासून साठ मीटर उंच धरा आणि सेकंदाला वीस मीटरची तीच फेक. इथे लांबच टाकायचं ठरवलं तरी उत्तम कोन येतो २७ अंश. ८१ मीटरवर पाणी. पंचेचाळीसनं ७४. कारण उघड आहे: खाली एवढी खोली असताना हवेत राहायचा वेळ फुकट मिळतोय, तो विकत घ्यायला जोर कशाला घालवायचा, तो आडव्या वेगात घाला.

इतकं बोलून झाल्यावर त्या कोनाची बाजूही मांडायला हवी, कारण ती आहे. आणि ती आमच्याच किनाऱ्यावर, वाईट रीतीनं, सिद्ध झालेली आहे.

१७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसनचं इंग्रजी आरमार विजयदुर्गावर आलं. तुळाजी आंग्र्यांचा ताफा किल्ल्याच्या आडोशाला खाडीत एकत्र उभा होता. आडोसा खरा होता, पण थेट माऱ्यापुरता. उखळी तोफेचा गोळा भिंतीला धडकायला येतच नाही, तो वरून येतो. एकाच वेगानं, ३० अंशांनी आणि ६० अंशांनी सोडलेले दोन गोळे हवेशिवाय एकाच जागी पडतात. पण ६० वाला तिप्पट उंच जातो आणि तटाच्या पलीकडे उभा कोसळतो. उखळीतून कुलपी गोळे फेकत, म्हणजे पोकळ, आत दारू ठासलेले, वात पेटवून सोडलेले. वात किती लांब ठेवायची हे गोळा हवेत किती वेळ राहणार यावर. असा एक गोळा आंग्र्यांच्या एका जहाजावर पडला, जहाज पेटलं, आणि शेजारी शेजारी उभी असलेली गुराबं-गलबतं एकापाठोपाठ एक जळत गेली. पेशव्यांचं सैन्य त्या वेळी इंग्रजांच्या बाजूनं उभं होतं, हे आठवलं की मला अजूनही चीड येते. तो विषय निराळा.

आता प्रश्न असा की डुलणाऱ्या जहाजावरून नेम कसा धरायचा? लाटेनं तोफेचं तोंड दोन अंश इकडेतिकडे होणारच. १५ अंशांवर रोखलेली तोफ दोन अंशांनी हलली तर हजार मीटरचा टप्पा सव्वाशे मीटरच्या आसपास चुकतो. म्हणजे जहाजाऐवजी पाणी. पण ४५ वर रोखलेली तोफ तेवढ्याच दोन अंशांनी हलली तर फरक पडतो अवघा अडीच मीटर. टेकडीच्या माथ्यावर दोन पावलं इकडे की तिकडे, उंची फारशी बदलत नाही. उतारावर तीच दोन पावलं जाणवतात. पल्ल्याच्या आलेखाचा माथा पंचेचाळीसवर आहे, म्हणून तिथे हाताची चूक माफ होते. उखळीचा कोन त्या आसपास ठेवायचा आणि लांबी-जवळीक दारू कमी-जास्त करून साधायची, अशी त्या काळी रीतच होती. सगळ्यात लांब जाणं हा या कोनाचा दुय्यम गुण. चुका पोटात घालणं हा खरा. परीक्षेत हा प्रश्न मी कधी पाहिला नाही.

आणि हवा. पुस्तकात प्रत्येक गणिताच्या शेवटी 'हवेचा रोध दुर्लक्षित करा' असतं. पावसाळ्याच्या तोंडावर कोकणात उभं राहून हे वाक्य वाचून बघा. सावकाश फेकीला ते चालतं, कैरीला चालतं. तोफेला मुळीच नाही. १७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज अभियंत्यानं टांगलेल्या लाकडी लोलकात गोळ्या झाडून, लोलक किती हलतो यावरून त्यांचे वेग मोजले, आणि जोरात सुटलेल्या गोळ्याला हवा किती अडवते हे पहिल्यांदा आकड्यात आलं. चोवीस पौंडी लोखंडी गोळा आवाजाच्या वेगापलीकडे सुटला की त्याला अडवणारं हवेचं बल त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दहा पटींहून जास्त असतं. ज्या गुरुत्वाकर्षणावर सगळं प्रकरण लिहिलंय ते इथे किरकोळ ठरतं. गोळा चढताना लांब पसरट जातो, मग वेग मरतो आणि उतरताना तो जवळजवळ उभा येतो. गंमत म्हणजे तार्ताल्याच्या त्या चुकीच्या चित्राशी हा मार्ग गॅलिलिओच्या अन्वस्तापेक्षा जास्त मिळताजुळता दिसतो. तोफांजवळ उभं राहून पाहणाऱ्यांनी त्याला काय सांगितलं असेल, याचा अंदाज येतो. कलाल बांगडीचे १२ किलोमीटर हवेत गेले ते असे.

भाच्यानं यावर विचारलं, "मग गॅलिलिओ चूक?" चूक नाही. त्यानं हवेचा अडसर असतो हे त्याच ग्रंथात मान्य केलंय आणि बाजूला ठेवलंय. काय बाजूला ठेवायचं हे ठरवता येणं ही त्याची करामत. त्याचं अन्वस्तही शेवटी थोडं खोटंच आहे, कारण त्यात जमीन सपाट धरलीय. न्यूटननं ती वाकवली. उंच डोंगरावरून तोफ आडवी डागा, जोर वाढवत न्या, गोळा लांब लांब पडत जाईल. आपल्या समोरचा समुद्र साधारण आठ किलोमीटरवर, इथल्या आडव्या रेघेच्या मानानं, पाच मीटर खाली वळलेला असतो. एका सेकंदात पडायचं अंतर ४.९ मीटर. म्हणजे कोणी सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपास आडवं जाऊ लागलं, आणि हवा नसली, तर ते पडतच राहील आणि समुद्र त्याच्याखालून तेवढाच वळत राहील. उपग्रह म्हणजे हेच, जमिनीला कधी न लागणारी फेक. आणि आपण मारलेला दगडही खरं तर एका लंबवर्तुळाचा इवलासा तुकडा काढत असतो, ज्याची एक नाभी पृथ्वीच्या मध्याशी आहे. कैरीच्या अंतरात तो तुकडा आणि अन्वस्त यांतला फरक कोणाच्या बापाला दिसणार नाही.

जाता जाता: चिपळूणजवळ सावर्ड्याला शिमग्यात होल्टे होम खेळतात, पेटती लाकडं समोरच्यांच्या दिशेनं फेकतात. रात्रीच्या अंधारात लाकडाचं जळतं टोक गिरक्या घेत जातं, ते अन्वस्तावरून जात नाहीच. अन्वस्तावरून जातो लाकडाचा वस्तुमानमध्य, म्हणजे लाकूड जिथे बोटावर तोललं जाईल तो बिंदू, जो जळत नसतो आणि दिसतही नाही.

हाच मुद्दा पागाला लागू होतो, आणि सध्या आमचं घोडं तिथे अडलंय. पाग म्हणजे गोल फेकजाळं, कडेला शिशाचे मणी, दोरी मनगटाला. खाडीवर पाग टाकणारे शेजारचे काका कमरेतून झोका घेऊन तो सोडतात, तेव्हा दोन गोष्टी घडतात. जाळ्याचा वस्तुमानमध्य बिनचूक आपल्या वाटेनं जातो, आणि त्याच्याभोवती जाळं गिरकी घेत उघडत जातं, कडेचे मणी बाहेर पळतात. पूर्ण उघडलं की पाण्याला टेकायला हवं. आधी टेकलं तर तोंड मिटलेलं, उशीर झाला तर ते परत आवळायला लागतं. इथे पल्ल्याचं कोणाला पडलेलं नाही, मासा पाच हातांवरच आहे. इथे पाहिजे तो वेळ. कमरेच्या उंचीवरून अगदी आडवं फेकलं तर जाळं अर्ध्या सेकंदात पाण्यात. तेच सेकंदाला तीन मीटरचा उठाव देऊन फेकलं तर जवळजवळ नऊ दशांश सेकंद मिळतात. म्हणजे काकांचा हात कोन शोधत नसतो, उघडायला लागणारा वेळ शोधत असतो, आणि तो वेळ पागाच्या घेरावर, शिशाच्या वजनावर, भिजलेल्या दोऱ्यावर अवलंबून. भाच्याला आता हे मोजायचंय. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये घ्यायचं, एकेका फ्रेममध्ये घेर मोजायचा, गिरकीचा वेग काढायचा. पुस्तकात याचं सूत्र नाही हे कळल्यावर त्याला जास्तच चेव आलाय.

काकांना विचारलं. त्यांची हरकत नाही. फक्त ओहोटीच्या वेळी पहाटे यायचं, मोबाईल घेऊन पाण्यात त्यांच्या उजव्या हाताला उभं राहायचं नाही, आणि जाळ्यातले मासे, खेकड्यांसकट, भाच्यानं निवडायचे.